छगन मिस्त्रीचं कार्ड

श्रीगोंद्याच्या अलीकडे, एका साखर कारखान्याच्या मागच्या माळावर, १९९८च्या उन्हाळ्यात एक भलंमोठं गोदाम उभं राहत होतं. तिथं सिमेंटला ताडपत्री होती आणि सळयांना पहारेकरी होता, पण साइटवर सगळ्यांत जास्त जपली जायची ती एक लाकडी पेटी. पेटीत पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कार्डं होती आणि पेटीवर यशोधरा भिंगारदिवे. नगरच्या तंत्रनिकेतनातून सिव्हिलचा डिप्लोमा केलेली चोवीस वर्षांची मुलगी, शेवगाव तालुक्यातल्या तिच्या गावातली पहिली इंजिनियर. गावात पेढे वाटून झाले होते आणि इथं काम काय मिळालं, तर कार्डं लिहायचं. साइटवर तिला कुणी इंजिनियर म्हणत नसे. कार्डवाल्या बाई म्हणत.

पेटी आणली होती शामकांत मुळे यांनी. मुळेसाहेब साइटचे मुख्य. आदल्या वर्षी ते पुण्याला तीन दिवसांच्या परिसंवादाला गेले आणि येताना विटेएवढा जाड झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आले. बांधकामात काय काय वाया जातं आणि ते कसं थांबवायचं, याची ती परदेशी विद्या. तिला लीन म्हणतात. मिस्त्रींना पहिले आठ दिवस ते नव्या सिमेंटचं नाव वाटत होतं. साहेब समजावून सांगत, "लीन म्हणजे काटक. अंगावर फालतू चरबी नाही असं बांधकाम." माणसं वाट बघत बसतात, माल उगाच इकडून तिकडं वाहिला जातो, केलेलं काम पुन्हा करावं लागतं, असे वाया जाण्याचे सात प्रकार होते आणि यशोधराच्या पेटीत त्यांचे सात कप्पे होते. वर्षभरातली सगळी कार्डं कप्प्यात लावून, त्यांतून काय शिकलो ते निवडून, साहेब कंपनीच्या सगळ्या साइटसाठी एक हँडबुक तयार करणार होते. जूनमध्ये पुण्याला ते मांडायचंही ठरलं होतं.

पद्धत वाईट होती असं कुणी म्हणू नये. पहिल्याच महिन्यात कार्डांवरून कळलं की बायका वाळूची घमेली विनाकारण दोनशे पावलं वाहतात, कारण ढीग पडलाय भलतीकडं. ढीग हलवला. बायकांच्या मुकादम रंगुबाई त्या दिवशी यशोधराच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. यशोधराला वाटलं, पेढे फुकट गेले नाहीत.

पद्धतीचा जीव होता सोमवारच्या मीटिंगमध्ये. सकाळी आठ वाजता पत्र्याच्या शेडमध्ये सगळे मिस्त्री बाकांवर बसत. शनिवारपर्यंत काय करणार हे ज्याचं त्यानं सांगायचं, यशोधरानं कार्डावर लिहायचं. शनिवारी झालं असेल तर त्यानंच कार्डावर फुली मारायची. झालं नसेल तर का नाही झालं, ते त्याच्याच तोंडून ऐकून कारणाच्या रकान्यात लिहायचं. राहिलेलं काम टाकून द्यायचं नाही, ते कार्ड पुढच्या सोमवारी सगळ्यांत वर घ्यायचं. आणि कार्ड ज्याचं, त्यानंच मिटवायचं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. हा साहेबांचा आवडता नियम होता.

अडचण एकच होती, आणि ती कुठल्याच कप्प्यात बसत नव्हती. साइटवर कुणी 'नाही' म्हणत नसे. साहेबानं किंवा बाईंनी विचारलं, "होईल ना?" की समोरचा म्हणणार, "होईल." आपल्याकडं तो होकार नसतोच, तो नमस्कार असतो. ज्याला खरंच जमणार नसेल तो फार तर मान खाजवतो, किंवा घरचं काहीतरी सांगायला लागतो. यशोधराला हे कळत नव्हतं असं नाही. ती काही विलायतेत वाढली नव्हती. तिचा बाप तिच्या डोळ्यांदेखत तलाठ्यापासून हेडमास्तरपर्यंत सगळ्यांना "व्हय साहेब" म्हणत आला होता आणि ती स्वतः मुळेसाहेबांना आजवर एकदाही नाही म्हणाली नव्हती.

मार्चातल्या तिसऱ्या सोमवारी छगन मिस्त्रीची पाळी आली. छगन सळईचं काम करायचा. खांबाच्या उभ्या सळयांना बारीक तारेनं रिंगा बांधायच्या, हुकानं तार पिळायची, की मग त्यात काँक्रीट ओतायला मोकळे. पाथर्डीकडचा माणूस, चाळिशीचा, वाळका, डावखुरा. बायको कडूबाई याच साइटवर घमेली उचलायची. छगन बाकावरून अर्धा उठला आणि म्हणाला, "बाई, वर चढलं की जरा चक्कर येती. पाचवी रांग पुढल्या हप्त्यात धरली तर?"

यशोधरानं फळ्याकडं पाहिलं. ठरवलेल्या कामांपैकी किती झाली, त्याचा टक्का साहेब फळ्यावर लिहीत. सलग तीन आठवडे तो नव्वदीच्या वर होता आणि साहेब खुर्चीत पेन हातात धरून तिच्याकडं बघत होते. ती हसली. अगदी गोड आवाजात म्हणाली, "छगनभाऊ, पाचवी रांग. शनिवारपर्यंत. होईल ना?"

छगननं एकदा साहेबांकडं पाहिलं. "होईल, बाई," तो म्हणाला आणि खाली बसला. यशोधरानं लिहून घेतलं.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला तो परांचीवरून खाली आला. श्रीगोंद्याला पोचेपर्यंत जीव गेला होता. त्याच्या टोळीतली तिघं प्रेताबरोबर गावी गेली ती परत आलीच नाहीत. काम एक दिवस बंद राहिलं.

शनिवारी यशोधरानं कार्डं काढली. छगनचं कार्ड हातात आलं आणि तिचा हात तिथंच राहिला. "सर, छगनचं काय करायचं?"

"झालं का पाचव्या रांगेचं?"

"नाही, सर."

"कारण काय लिहिलंय?"

"सांगायला तोच नाही, सर."

मुळेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस दगडाचा नव्हता, गुरुवारी त्यांनी स्वतः छगनला जीपमध्ये उचलून ठेवलं होतं. पण पेटीपुढं बसले की त्यांना पेटीच दिसायची. "मग रकाना रिकामा ठेवा," ते म्हणाले. "कुणाच्या कार्डाचं कारण आपण बनवायचं नसतं. नियमाप्रमाणे पुढच्या सोमवारात सरकवा." यशोधराला त्याच वेळी नाही म्हणता आलं असतं. तिनं "हो, सर" म्हटलं आणि मेलेल्या माणसाचं कार्ड सोमवारच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवलं.

सोमवारी ते कार्ड वर होतं म्हणून तिनं नाव वाचलं. "छगन. पाचवी रांग." बाकावर छगन बसायचा त्या जागी कुणी सरकून बसलं नव्हतं. सेंटरिंगचा मिस्त्री कानिफनाथ तळहातावर तंबाखू घेऊन बसला होता, ती त्यानं मळली नाही. यशोधरानं पटकन पुढचं कार्ड घेतलं.

त्या शनिवारी पाचवी रांग बांधून तयार होती.

आधी वाटलं, कुणीतरी आपणहून केली असेल. यशोधरानं एकेकाला विचारलं. कानिफनाथ म्हणाला, "आमी कशाला बांधू, बाई? आमचं लाकडाचं काम. सळईवाला एक बी मानूस न्हाई साइटवर." नवी टोळी बीडकडून यायची होती, ती अजून निघालीही नव्हती. यशोधरा रांगेपाशी जाऊन उभी राहिली. सहा खांब, प्रत्येकाला वीस-वीस रिंगा, अंतर एकसारखं. ती तारेच्या गाठींकडं बघत राहिली. सगळी दुनिया तार उजवीकडं पिळते. या गाठी डावीकडं पिळलेल्या होत्या, एकूण एक.

तिनं मुळेसाहेबांना बोलावून गाठी दाखवल्या. ते बराच वेळ वाकून बघत होते. मग सरळ झाले, हात झटकले आणि म्हणाले, "काम झालंय ना? पक्कं झालंय. मग पुढची रांग लिहा."

"कुणाच्या नावावर, सर?"

"ज्याचं कार्ड आहे त्याच्या."

सहावी रांग शनिवारच्या आत झाली. मग सातवी झाली. फळ्यावरचा टक्का अठ्ठ्याण्णवावर गेला, एवढा तो छगन जिवंत असतानाही गेला नव्हता. साइटवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बायका त्या बाजूनं घमेलं नेताना पदर नीट करून घ्यायच्या. दुपारी जेवायला सगळे बाभळीखाली गेले की रांगांकडून तार पिळल्याचा आवाज यायचा आणि माणसं भाकरी मोडता मोडता थांबायची. मग कुणीतरी मोठ्यानं ऊसतोडीचा नाहीतर पाण्याचा विषय काढायचं. मुळेसाहेबांनी बीडच्या टोळीला निरोप पाठवला की येऊ नका, गरज नाही.

एप्रिलच्या मध्याला कडूबाई कामावर परत आली. पहिला दिवस तिनं मान खाली घालून घमेली वाहिली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ती यशोधराच्या टेबलापाशी आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाई, त्येंना सोडा," ती म्हणाली.

यशोधरानं हातातलं कार्ड खाली ठेवलं.

"दसव्याला पिंड ठेवला. कावळं झाडावर बसल्यालं, पन एक बी शिवंना. म्या पोरीच्या लग्नाचं बोलले, शिकवीन म्हनले. दीर म्हनला, मी घर बघतो. उनं डोक्यावर आली. शेवटाला दर्भाचा कावळा करून शिववला." कडूबाई सांगताना रडत नव्हती. कुणी बाजारहाट सांगावा तसं सांगत होती. "तवा कळंना, ह्येंचं काय ऱ्हायलं. हितं आले आन् कळलं. त्या गाठी मी वळखते की, बाई. बारा वर्सं ह्येंच्या हातानं खाटंची सुतळी वळलेली बघितली."

यशोधराच्या घरात पिंड आणि कावळा काही नव्हतं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि तसलं सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं. कावळ्यानं माणसाचं काही अडतं हे ती कुणाशीही वाद घालून खोडून काढू शकली असती. पण इथं अडलं होतं ते तिच्या पेटीत, तिच्या अक्षरात, आणि त्याच्याशी वाद घालायला तिच्याकडं शब्द नव्हते.

"त्ये घरी येत न्हाईत," कडूबाई म्हणाली. "मरून बी साइटवरच येत्यात. किती रांगा हायेत, बाई?"

"चोवीस."

"आन् त्याच्या म्होरं?"

त्याच्यापुढं कारखान्याचं दुसरं गोदाम होतं. यशोधरा ते बोलली नाही. कडूबाई घमेलं घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुटीची घंटा झाल्यावर यशोधरा बाभळीकडं गेली नाही. आठव्या रांगेसमोर विटांच्या ढिगावर जाऊन बसली. ऊन पांढरं झालं होतं, माळावर चिटपाखरू नव्हतं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तिसऱ्या खांबावर, छातीच्या उंचीला, एक रिंग सरळ झाली. तारेचं टोक हळूच उचललं गेलं आणि फिरलं. डावीकडं, एकदा, दोनदा, तीनदा. तुटलेला तुकडा खाली पडला. मग वरची रिंग.

यशोधरा भ्यायली. आणि मग तिला खाली, खांबाच्या पायथ्याला, काहीतरी दिसलं. सिमेंटच्या धुळीवर एक काळा ठिपका उमटला. वाळला. शेजारी दुसरा उमटला. तो घाम होता. मेल्यावरही त्या माणसाला ऊन लागत होतं, घाम येत होता, आणि तो एकेक रिंग बांधत वर चढत होता. तिची भीती तिथंच ओसरली आणि त्या जागी एवढी शरम आली की तिला मान वर करवेना. तिनं आपला पाण्याचा तांब्या नेऊन खांबापाशी ठेवला आणि लांब जाऊन उभी राहिली. घंटा झाल्यावर येऊन पाहिलं तर तांब्या काठोकाठ भरलेला होता. प्यायची सुटी त्याला कुणी दिली नव्हती.

ती तशीच मुळेसाहेबांकडं गेली. "सर, छगनचं कार्ड काढून टाकूया."

"का?"

"का, ते तुम्हाला माहीत आहे."

साहेबांनी समोरचे कागद बाजूला केले. ते रागावले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. "भिंगारदिवे, बसा," ते म्हणाले. "मलाही पहिल्या दिवशी झोप लागली नाही. पण शांतपणे विचार करा. आपण वर्षभर काय शोधतोय? काय वाया जातं, ते. माणसानं दिलेला शब्द वाया जातो, हे सगळ्यांत मोठं नुकसान. आपण तो वाया जाऊ दिला नाही. नियमात बसवला आणि तो पुरा होतोय." ते थोडे पुढं झुकले. "कंपनीच्या बाकी साइटवर दरवर्षी एखाददुसरा अपघात होतोच. त्यांचीही कामं अर्धी राहिलेली असणार. फक्त ती कुणी कार्डावर घेतलेली नाहीत. हँडबुकात याचं एक प्रकरण हवं."

यशोधरा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. साहेब चांगले कपडे घातलेले, वेळेवर जेवणारे, पोराबाळांचे गृहस्थ होते. तिला आयुष्यात कुणाची एवढी धास्ती वाटली नव्हती, दुपारच्या त्या खांबाचीसुद्धा नाही.

तरी त्या संध्याकाळी जाताना तिनं कार्ड फाडून पाण्याच्या हौदात टाकलं. सकाळी पेटी उघडली तर छगनचं कार्ड सगळ्यांत वर होतं, कोरडं, तिच्याच अक्षरात. ते साहेबांनी लिहिलेलं नव्हतं. साहेब चार वेळा जन्मले असते तरी त्यांना तिच्यासारखा 'छ' काढता आला नसता. कार्ड ज्याचं, त्यानंच मिटवायचं. नियम सगळ्यांना सारखा होता.

मग ती तो झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन बसली. तिची समज अशी, की ज्या विद्येनं हे बांधलं तिच्यातच सोडवायचं कुठंतरी लिहिलेलं असणार. साहेबांनी मराठीत उतरवलेली पानं तिला पाठ होती. त्यांत काही नव्हतं. कपाटात एक वेगळी फाइल होती, साहेबांच्या अक्षरात वर लिहिलेली: 'आपल्याकडे लागू नाही.' फाइलमध्ये एकच पान होतं. यशोधराचं इंग्रजी डिक्शनरीच्या आधारानं चालणारं. शनिवारची अख्खी दुपार त्या एका पानात गेली. त्यात एवढंच होतं: काम अंगावर घेणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याचं 'हो' धरू नये. ते वचन नव्हे.

तिनं पान साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी ओळखलं.

"हे तिकडं ठीक आहे," ते म्हणाले. "आपल्याकडं हे सांगितलं तर उद्या सगळे नाही म्हणत बसतील. मग गोदाम कोण बांधणार?"

सोमवारी सकाळी शेडमध्ये मिस्त्री जमले. यशोधरानं कडूबाईला बोलावून ठेवलं होतं. मीटिंगला बायका येत नसत, म्हणून ती आत आली नाही, दाराच्या पत्र्याला धरून उभी राहिली. बाकावरची ती जागा महिनाभर होती तशीच रिकामी होती. आठवी रांग झालेली होती. कार्ड वर होतं.

यशोधरा उठून उभी राहिली. आजवर तिनं बसूनच विचारलं होतं.

"छगनभाऊ," ती त्या जागेकडं बघून म्हणाली, "त्या सोमवारी मी तुम्हाला विचारलं नाही, नुसतं लिहून घेतलं. आज विचारते. नववी रांग आहे. तुम्हाला जमणार असेल तर हो म्हणा. जमणार नसेल तर नाही म्हणा. नाही म्हणालात तर कुणी काही बोलणार नाही."

बाहेर मिक्सर अजून सुरू झालेला नव्हता. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. आणि मग आवाज आला. तो नेमका कुठून आला हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही, पण शेडमधल्या प्रत्येकानं तो ऐकला. थकलेला, अदबीचा, नेहमीचाच आवाज.

"होईल, बाई."

कडूबाईच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. यशोधरानं सगळं हातात दिलं होतं, तरी छगनला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. जन्मभर त्यानं तो एकच शब्द साहेबलोकांपुढं वापरला होता आणि दुसरा कधी तोंडात बसलाच नव्हता.

"ऐकलंत?" मुळेसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. "विचारलंत, त्यानं सांगितलं. आता लिहा. नववी रांग."

यशोधरानं पेन उचललं. कार्डाला टेकवलं. चोवीस वर्षांत शिकलेली प्रत्येक गोष्ट तिला सांगत होती की लिही. घरी दोन बहिणी शिकत होत्या, नोकरी जाणार हे तिला लख्ख दिसत होतं. बोलली तेव्हा तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"नाही, सर."

"काय?"

"नाही. मी लिहिणार नाही." तिनं पेन टेबलावर ठेवलं. "ते नाहीच म्हणाले होते. चक्कर येते म्हणाले होते, पुढच्या आठवड्यात धरा म्हणाले होते. आमच्याकडं ह्याच्यापेक्षा मोठ्यानं 'नाही' कुणी म्हणत नाही, सर. मला ते कळलं होतं. कळून मी 'होईल' लिहिलं. हा शब्द माझा आहे, त्यांचा नाही." आणि कारणाच्या रिकाम्या रकान्यात, महिनाभर कुणी भरला नव्हता त्या रकान्यात, तिनं लिहिलं: विचारलं नाही. खाली फुली मारली आणि आपली सही केली.

साहेब उभे राहिले. त्यांनी पेटीतून कोरं कार्ड ओढलं, खिशातलं पेन काढलं आणि उभ्यानंच त्यावर छगनचं नाव लिहिलं. मग त्या रिकाम्या जागेकडं न बघता, आजवर शंभरदा विचारलं तसंच विचारलं, "छगन. नववी रांग. शनिवारपर्यंत. होईल ना?"

पत्रा उन्हानं तडतडला. कानिफनाथनं डोळे मिटून घेतले. बराच वेळ गेला. कुणीतरी एखादा अवघड शब्द पहिल्यांदा जुळवत असावं, एवढा वेळ.

"न्हाई जमायचं, साहेब."

साहेबांचं पेन कार्डावरच थांबलं. कशानं म्हणा, सवयीनं म्हणा, ते रकान्याकडं बघत पुटपुटले, "कारण?"

"लई थकलोय."

पुढं कुणी काही विचारलं नाही. कडूबाईनं पत्र्यावरचा हात काढला. पहिल्यांदाच ती शेडच्या आत आली, बाकाजवळ गेली, आणि घरातल्या माणसाला उशीर झाला की म्हणावं तसं म्हणाली, "चला. झालं आता."

ती वळून दाराकडं निघाली. बाकांवर दाटीनं बसलेल्या मिस्त्रींनी पाय आत ओढून घेतले, एकमेकांकडं सरकले, आणि कुणी न सांगता दोन माणसं जातील एवढी वाट करून दिली.